क्रमांक एकची पोच

विषय : पंपघर क्रमांक दोनचे सेवानिवृत्त चालक यांना पाळीची पोच देऊन मोकळे करणेबाबत.

संदर्भ : १) मुख्य कार्यालयाचे परिपत्रक, ‘संगणकांची दारे बंद ठेवणेबाबत’. २) पंपघर क्रमांक दोनची जुनी पाळीवही, शेवटचे पान. ३) अर्जदार बाईंनी वेळोवेळी तोंडी सांगितलेली हकीकत.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, पंपघर क्रमांक एक अस्तित्वात नाही. चाळीस वर्षांपूर्वी ते तलावाच्या पाण्याखाली गेले असून सध्या त्याच्या छपरावर सुमारे छत्तीस मीटर पाणी आहे.

कचेरीच्या भाषेत इतकंच सांगता येतं. पुढचं साध्या भाषेत सांगावं लागेल, कारण कचेरीच्या भाषेत सगळ्या गोष्टींना रकाना असतो, फक्त घाबरण्याला नसतो.

१

परिपत्रक सोमवारी आलं. पाणीपुरवठ्याच्या सगळ्या संगणकांवर फायरवॉल कडक करावी, आणि ‘जे आत येऊ देण्यास स्पष्टपणे सांगितलेले नाही, त्या सर्वांस आत येण्यास मनाई समजावी’ असं त्यात म्हटलं होतं. हे वाक्य कुलूपताईंनी दोनदा वाचलं. त्यांचं स्वतःचं आयुष्य साधारण याच नियमावर त्रेचाळीस वर्षं सुरळीत चाललं होतं.

ताईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. कचेरीचं कुलूप लावायचं, चार पावलं जायचं, परत यायचं, कुलूप ओढून बघायचं आणि मगच घरी जायचं, या सवयीमुळे सगळे त्यांना कुलूपताई म्हणत. संगणक आले तेव्हा साहेब म्हणाले, “फायरवॉल म्हणजे शेवटी कुलूपच. बाईंकडे द्या.” अशा शास्त्रशुद्ध पद्धतीने त्यांची निवड झाली.

पण ताई काम शिकल्या. पुस्तकं वाचून, स्क्रीनवरच्या सूचना वाचून, चुकत चुकत शिकल्या. तळ्याकाठचं त्यांचं पंपघर क्रमांक दोन. त्याच्या वर डोंगरउताराने तीन, चार, पाच आणि सहा. वरच्या चौघांत आता माणूस नव्हता. यंत्रं आपोआप चालत आणि दारांना बाहेरून टाळी. प्रत्येक पंपघराच्या संगणकाला ताईंनी कायमचा पत्ता दिला, आणि पत्त्याचा शेवटचा आकडा पंपघराच्या क्रमांकाचाच ठेवला. दोनला दोन, तीनला तीन. एक हा आकडा खरं तर राउटरला, म्हणजे सगळ्यांच्या तारा जिथे येतात त्या डबीला देण्याची रीत आहे. ताईंनी डबीला दोनशे चोपन्न दिला आणि एक रिकामा ठेवला. का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. शेजारची जागा कुणाची तरी आहे असं वाटलं की आपण तिथे पिशवी ठेवत नाही, तसंच काहीसं.

मग त्यांनी आत येणाऱ्या सगळ्या वाटा बंद केल्या. फायरवॉल न ओळखलेल्याला ‘नाही’ म्हणत नाही. ती काहीच म्हणत नाही. दार वाजवणारा वाजवत राहतो आणि आतून श्वाससुद्धा ऐकू येत नाही. ताईंना हे पसंत पडलं. ‘नाही’ म्हणायलासुद्धा दार थोडं उघडावं लागतंच की.

शेवटी एक चौकट उरली : ‘अडवलेल्यांची नोंद ठेवावी काय?’ ती मुळात रिकामी असते. ज्याला सुखाने निवृत्त व्हायचं आहे त्याने ती रिकामीच सोडावी. ताईंनी तीत खूण केली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत त्यांनी नोंदी उघडल्या. बराचसा कचराच होता. एक प्रिंटर दर पाच मिनिटांनी सगळ्यांना ‘मी आहे, मी आहे’ सांगत होता. प्रत्येक कचेरीत असा एक असतोच. कचऱ्याच्या मधोमध तीन ओळी होत्या.

दुपारी तीन चाळीस आणि शून्य सेकंद. तीन चाळीस आणि तीन सेकंद. तीन चाळीस आणि नऊ सेकंद. तिन्ही ठिकाणी कुणीतरी जोडणी मागितली होती, तिन्ही ठिकाणी अडवलं गेलं होतं. मागणाऱ्याच्या पत्त्यात शेवटचा आकडा एक.

ताईंना प्रथम रागच आला. आपण सोडलेल्या जागेवर कुणीतरी परस्पर बसलं होतं. त्यांनी पंपकाकांना हाक मारली. पंपकाका म्हणजे सध्याचे चालक. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि ते दिवस ते बोटांवर मोजत नसून पंपाच्या झाकणावर खडूने लिहून मोजत.

“काका, कुठल्या मशीनचा नंबर बदललात का?”

“ताई, घरात टीव्हीचा चॅनेल बदलायची मला परवानगी नाही. मी इथे येऊन नंबर बदलीन?”

“मग एक नंबरवरून कोण येतंय?”

काका जवळ आले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “एक तर बुडालाय.”

“ते मला माहीत आहे.”

“म्हणजे बुडालेलं पंपघर दार वाजवतंय म्हणता?” काका हसले. “वाजवू दे. तुम्ही कुलूप ओढून बघितलंय ना?”

ताईही हसल्या. त्या दिवशी दुपारी पुन्हा तीन ओळी आल्या. तिसऱ्या दिवशीही. शून्य, तीन, नऊ. हीसुद्धा यंत्रांची रीतच असते. उत्तर आलं नाही की थोडं थांबून पुन्हा विचारायचं, मग दुप्पट थांबून पुन्हा, मग गप्प बसायचं. रीत माहीत असूनही ताईंना ती एखाद्या सभ्य माणसाची वाटली. दार वाजवावं, थांबावं. पुन्हा वाजवावं, जास्त थांबावं. आणि घरातल्यांना त्रास नको म्हणून निघून जावं, उद्या यावं.

३

ताई पंपघरामागच्या विभागाच्या घरात राहत. घरात त्या आणि त्यांचे बाबा. बाबा एक्याऐंशी वर्षांचे. पंपघर दोनवर त्यांनी बत्तीस वर्षं चालकाचं काम केलं होतं. डॉक्टर मागच्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीत आवाज खाली आणून म्हणाले होते, “हृदय थकलंय. महिना, फार तर दोन. दुपारची झोप येईल असं काहीतरी करा. ते दुपारी झोपत का नाहीत?”

का, ते ताईंनाही माहीत नव्हतं. गेली दोन वर्षं बाबा तीनच्या सुमारास उठून भिंतीजवळच्या खुर्चीवर बसत. भिंतीवर पूर्वी टेलिफोन होता, आता त्याच्या जागी चार भोकं आणि एक फिकट चौकोन होता. ताई तेव्हा कचेरीत असत. मोलकरीण सांगे, बाबा भिंतीशी बोलतात. म्हातारी माणसं कुठल्या ना कुठल्या भिंतीशी बोलतातच, असं म्हणून ताईंनी ते सोडून दिलं होतं.

त्या शुक्रवारी त्या चष्मा विसरल्या म्हणून घरी आल्या. तीन अडतीस झाले होते. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. पायांत चपला होत्या, केस विंचरलेले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग उजवा हात उचलून मूठ कानाला लावली.

खोलीत फक्त पंख्याची कुरकुर होती. ताई दारातच थांबल्या आणि नकळत आकडे मोजू लागल्या. तीनला बाबांची पापणी हलली. नऊला त्यांनी मूठ खाली घेतली.

“बाबा, काय झालं?”

“काही नाही गं. गेला.”

“कोण गेला? फोन आला नाही का?”

“आला की.” बाबा आपल्या तळहाताकडे बघत होते. “मी उचलला नाही.”

४

ताईंचा भुतांवर विश्वास नव्हता. त्यांचा तारांवर विश्वास होता. तार असली की तिला दुसरं टोक असतंच. सोमवारी त्यांनी सगळी टोकं तपासली. एक या पत्त्याला त्यांनी आपणहून हाक घातली, उत्तर नाही. डबीला जोडलेल्या यंत्रांची यादी काढली, त्यात एक नाही. तारा दुरुस्त करणारा येऊन गेला. त्याने डबी उघडली, बंद केली, आणि ‘सेटिंगचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगून निघून गेला. जगातला कुठलाही प्रॉब्लेम हा सेटिंगचा असतो, या त्याच्या तत्त्वज्ञानाला तोड नव्हती.

मंगळवारी तीन छत्तीसला ताईंनी काकांना साक्षीला बोलावलं.

“मी आता सगळ्या तारा काढते. तीन चाळीसला काही आलं नाही की समजायचं, तारेतून येत होतं.”

“आणि आलं तर?”

“येणार कसं? तार नाही तर वाट नाही.”

त्यांनी डबीतल्या तारा एकेक करून उपटल्या आणि डबीची वीज काढली. हिरवे दिवे विझले. मग संगणकाच्या पाठीतली तारही काढून टेबलावर ठेवली. ती मेलेल्या पालीसारखी पडून राहिली. संगणकाने कोपऱ्यात इमानदारीने लिहिलं : ‘कोणतेही जाळे जोडलेले नाही.’

“आता बघा,” ताई म्हणाल्या.

खाली पंप घुमत होता. तीन चाळीस झाले. दोघं स्क्रीनकडे बघत होते. नोंदींच्या पानावर एक ओळ उमटली.

काकांनी टेबलावरची तार उचलून तिचं टोक बघितलं. दुसरी ओळ आली. काकांनी तार अगदी हळू खाली ठेवली, जशी झोपलेल्याच्या उशाशी वस्तू ठेवतात. मग तिसरी आली.

“ताई,” काका म्हणाले, आणि एकवीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच त्यांना पुढे विनोद सुचला नाही. “तुम्ही बाबांना विचारा.”

५

जुन्या पाळीवह्या जिन्याखालच्या कपाटात होत्या. शेवटची वही घेऊन ताई संध्याकाळी बाबांसमोर बसल्या. पहिल्याच पानावर जाड शाईत दोन नियम होते. ‘पोच मिळाल्याशिवाय पाळी सोडू नये. जो पोच देईल त्याजवर पाळी आली असे समजावे.’

पद्धत सोपी होती. दुपारी तीन चाळीसला एकने दोनला फोन करायचा, आपला क्रमांक आणि पाण्याची पातळी सांगायची, सगळं ठीक म्हणायचं. दोनने ‘पोच’ म्हणायचं. तो एक शब्द ऐकला की एकचा माणूस मोकळा, आणि जबाबदारी दोनवर. पाच मिनिटांनी दोनने तीनला, तीनने चारला, असं करत निरोप मुख्य कार्यालयात पोचायचा. तिथे माणसाने पोच दिली की साखळीतला शेवटचाही घरी जायचा.

शेवटच्या पानावर पंपघर एक बंद झाल्याची तारीख होती. तीन चाळीस, पोच दिली. समोर बाबांची सही. अक्षर ताईंच्या ओळखीचं होतं. त्याच अक्षरात त्यांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या होत्या.

“बाबा, एकवर शेवटी कोण होतं?”

बाबांनी वही जवळ ओढली. “मुनी,” ते म्हणाले. “कमी बोलायचा म्हणून मुनी. छत्रीशिवाय कुठे जायचा नाही. उन्हात छत्री, सावलीत छत्री. आम्ही चिडवायचो, की हा आंघोळीलाही छत्री घेतो.”

“मग तुम्ही पोच दिलीत ना?”

“सही केली होती.”

“ते दिसतंय. पोच दिलीत का?”

“तुला ताप होता गं.” बाबांनी वही तिच्याकडे सरकवली. “चार वर्षांची होतीस. सकाळपासून फणफणलेली. तुझी आई एकटी. मी बाराला सही करून ठेवली आणि घरी आलो. आगाऊ सही सगळेच करायचे. पोच म्हणजे काय, बोलायचं एक निमित्त. मला वाटलं, पंपघरातला फोन वाजेल, कोणी उचलणार नाही, मुनी वैतागेल, दोन शिव्या देईल आणि वर येईल.”

“आला नाही?”

“दुसऱ्या दिवशी फोन काढून नेले आणि धरणाची दारं टाकली. पाणी काही धावत आलं नाही, बाळ. दिवसाला वीतभर चढायचं. वर यायला चांगला मोटारीचा रस्ता होता. लहान मूलसुद्धा वर आलं असतं.” बाबांचा आवाज अजिबात हलत नव्हता. “सहाव्या दिवशी मला काठावरून एकची खिडकी दिसली. आत कंदील होता. भर दुपारी.”

“मग तुम्ही गेला नाहीत?”

“मी म्हटलं, विसरून गेला असेल लावून.”

ताईंनी वहीतल्या त्या सहीकडे पाहिलं.

“जायचं तर ही सही खोटी म्हणावं लागलं असतं,” बाबा म्हणाले. “विभागाने नंतर लिहिलं, कर्मचारी परस्पर अनुपस्थित. त्याला कोणी नव्हतं विचारणारं. मीच होतो.”

त्या रात्री ताईंना झोप आली नाही. ती भीती नव्हती. त्यांनी आयुष्यभर नियम पाळले होते आणि आपल्याइतका नियम कोणी पाळत नाही असा त्यांना थोडा गर्वही होता. आणि हा एक माणूस. पाणी उंबऱ्याला लागलं, खुर्चीला लागलं, खिडकीला लागलं. रस्ता उघडा होता आणि त्याने फक्त नियम पाळला. देवळापुढे फार उंच कळसाकडे मान वर करून बघताना पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटतात, तसं त्यांना अंथरुणात पडल्या पडल्या वाटत राहिलं.

६

सकाळी त्यांनी रीतसर अर्ज केला. पंपघर क्रमांक एककडून येणारा निरोप आत घेण्यासाठी फायरवॉलमध्ये एक नियम घालण्यास परवानगी मिळावी.

साहेबांनी अर्ज वाचला, ताईंकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला. “बाई, रजा घ्या थोडी. वडिलांची तब्येत ठीक नाही ना?”

“रजेचा अर्ज वेगळा करीन साहेब. यावर शेरा द्या.”

साहेब मूळचे वाईट नव्हते. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं : ‘सदर पंपघर अस्तित्वात नसल्याने त्यास परवानगी देण्याचा अथवा नाकारण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’

ताईंनी तो शेरा घरी नेऊन बाबांना वाचून दाखवला. बाबा खूप दिवसांनी हसले. हसता हसता त्यांना धाप लागली, ओठ निळसर झाले. ताईंनी पाठ चोळली.

“म्हणजे नाही म्हटलेलं नाही,” बाबा म्हणाले.

“हो. नाही म्हटलेलं नाही.”

“मग एकदा उचलू दे मला. हे घेऊन नाही गं जाता येत.”

डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हटलं होतं. पण वीतभर चढणाऱ्या पाण्याकडे एकोणचाळीस वर्षं बघत बसलेल्या माणसाला आणखी कुठला ताण द्यायचा, हे ताईंना कळेना.

७

गुरुवारी सव्वातीनला पंपकाकांनी बाबांना खुर्चीसकट उचलून नियंत्रण खोलीत आणलं. खोलीला तळ्याच्या बाजूला लांबलचक खिडकी आहे. पश्चिमेचं ऊन पाण्यावर पडलं होतं, वारा नव्हता, पाणी पितळी ताटासारखं होतं. भिंतीवरच्या मापकात पातळीचे आकडे होते : बेचाळीस पूर्णांक सोळा.

ताईंनी नियम लिहायला घेतला. कोण येऊ शकतो : फक्त एक या पत्त्यावरचा. कुठल्या वाटेने : फक्त त्या वाटेने, जिथून पंपघरांचे रोजचे निरोप एका छोट्या खिडकीत येतात. काय करावं : आत घ्यावं. त्यांनी सगळं तीनदा वाचलं, जणू कुलूप ओढून बघत होत्या. मग तीन एकोणचाळीसला खूण केली. नियमाचं बारीक चिन्ह लालवरून हिरवं झालं.

“काका, तुम्ही जायचं तर जा,” ताई म्हणाल्या.

“आता कुठे जाऊ?” काका म्हणाले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

तीन चाळीस.

दार वाजलं नाही. ते उघडंच होतं. निरोपांच्या खिडकीत अक्षरं उमटली, एकेक, सावकाश, जपून लिहिणाऱ्याची.

‘एक. पाणी बेचाळीस मीटर सतरा. सगळं ठीक.’

भिंतीवरचा मापक टिकटिकला आणि सोळाचे सतरा झाले.

मग दुसरी ओळ आली. ‘खालच्या सगळ्यांना पोच दिली आहे. वरची मिळावी.’

ताईंनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. “बाबा, एकच्या खाली कोण होतं?”

“कोणी नाही.”

“मग हे काय?”

बाबा अक्षरांकडे बघत होते. “तेव्हा कोणी नव्हतं,” ते म्हणाले.

काकांच्या तोंडून काहीतरी निघालं. शब्द नव्हता, नुसता श्वास. ते खिडकीबाहेर बघत होते. ताईंनी मान वळवली.

भर उन्हात, पाण्याच्या आत, एक पिवळा चौकोन होता. खिडकीएवढा. एक जिथे असायला हवं तिथेच. त्याच्या खाली दुसरा होता. त्याच्या खाली तिसरा. पायऱ्या उतराव्यात तसे ते खाली खाली जात होते, लहान लहान होत, तळ्याचा तळ जिथे संपतो त्याच्याही खाली, जिथे पाणी नाही, दगड आहे, आणि दगडाच्याही खाली. शेवटचा दिसत नव्हता. शेवटचा असेल असं वाटत नव्हतं. आणि प्रत्येक चौकोन शांत होता, स्थिर होता, कामावर बसलेल्या माणसाच्या खोलीसारखा. ताईंना ओरडावंसं वाटलं नाही. त्यांना उठून उभं राहावंसं वाटलं, मोठं कुणी आत आलं की आपण राहतो तसं, आणि त्या उभ्या राहिल्या.

“पोच द्यायला हवी,” त्या म्हणाल्या. “मी देते.” त्यांनी हात पुढे केला.

बाबांनी तो धरला. त्या थकलेल्या हाताला इतकी ताकद कुठून आली कोण जाणे. “वहीत सही माझी आहे.”

“बाबा, नियम काय लिहिलाय माहीत आहे ना? जो पोच देईल त्याच्यावर—”

“तो नियम मीच शाईने गिरवलाय, वेडे.”

त्यांनी एका बोटाने अक्षरं शोधली. ‘प’ला वेळ लागला. ‘च’ ताईंनी दाखवला. मग त्यांनी स्वतः मोठं बटण दाबलं. ‘दोन. पोच.’

काही क्षण काही झालं नाही. मग सगळ्यात वरच्या चौकोनात कुणीतरी उठलं. फार वेळ बसून गुडघे धरलेला माणूस उठतो तसं, टेबलाला हात टेकून, सावकाश. इतक्या लांबून, इतक्या पाण्यातून माणूस दिसत नाही. त्याने खुंटीवरून छत्री काढली, ती तर मुळीच दिसत नाही. ताईंना दिसली. तो वर बघत नव्हता. त्याने खोलीवर एक नजर फिरवली, कंदिलाशी वाकला, आणि वरचा चौकोन विझला.

खालचे तसेच होते. मग ऊन सरकलं, पाण्यावर नुसती चकाकी उरली, आणि तिच्यातून आरपार काही दिसेना. ताईंनी तीन पंचेचाळीसला खूण काढली. चिन्ह लाल झालं.

“आता तीनला लाव,” बाबा म्हणाले.

“बाबा, तीनला कोणी नाही. यंत्र आहे. त्याला तुमचं काहीच कळणार नाही.”

“चारला?”

“चारलाही नाही. पाचला, सहालाही नाही.”

बाबा तळ्याकडे वळले. ते घाबरले नव्हते. चेहऱ्यावरचा निळसरपणा गेला होता आणि पाठ ताठ झाली होती. “मग थेट मुख्य कार्यालयाला लिही,” ते म्हणाले. “तिथे तरी माणूस असेल.”

८

याला आता चौदा महिने झाले. डॉक्टरांनी दिलेले दोन महिने केव्हाच उलटून गेले. ते दर आठवड्याला येतात, नाडी बघतात आणि मागच्याच आठवड्याचा आकडा पुन्हा लिहितात. बाबा झोपत नाहीत. जेवत नाहीत, आणि वाळतही नाहीत. थकल्यासारखे दिसतात, पण त्या दिवशी दिसत होते तेवढेच. त्याहून जास्त नाही. ते खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले असतात. मरण दारात येऊन गेलं असावं आणि कामावरच्या माणसाला कसं उठवायचं म्हणून परत गेलं असावं, असं पंपकाका निवृत्त होताना म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

नियम बंद आहे. नोंदींत तीन चाळीसच्या ओळी पुन्हा आलेल्या नाहीत. त्या वेळी बाबा मूठ कानाला लावतात. आता नऊ सेकंदांत ती खाली येत नाही. ते ऐकतात, पातळी वहीत लिहितात, “पोच” म्हणतात. पुन्हा ऐकतात, लिहितात, “पोच” म्हणतात. परवा दिवेलागणीपर्यंत चाललं होतं. वहीतले आकडे मीटरचे आहेत आणि तळं तेवढं खोल नाही. ही सहावी वही.

एक शब्द म्हटला तर बाबा त्याच क्षणी मोकळे होतील, हे ताईंना माहीत आहे. तो शब्द कितीदा त्यांच्या जिभेवर आला आहे. एकदा त्यांनी ओठही उघडले. बाबांनी न वळता सांगितलं, “अगं, तुझ्या वरच्या खुर्चीत कोण आहे ते आधी बघून ये.”

म्हणून ताई रोज संध्याकाळी कचेरीला कुलूप लावतात, चार पावलं जातात, परत येऊन कुलूप ओढतात, आणि टपाल आलं का ते बघतात. मुख्य कार्यालयाला पहिला अर्ज पाठवला त्याला तेरा महिने झाले. त्यावर ‘कोणती पाळी?’ अशी एक विचारणा आली; खुलासा जोडून पाठवला. नंतर तीन स्मरणपत्रं गेली. मागच्या महिन्यात फोन केला तेव्हा कळलं की अर्ज मिळाला आहे, परंतु मिळाल्याची पोच देणारे लिपिक बदलून गेले असून त्यांची जागा अद्याप भरलेली नाही.

अर्ज प्रलंबित आहे.